खाली पाणी, वर रॉकेल

सानपाड्याच्या आमच्या बैठ्या चाळीत शकुबाईला कुणी शकुबाई म्हणत नसे. कुणी 'रॉकेलवाली' म्हणे, कुणी 'हेडवाली'. हेड म्हणजे रिक्षाच्या इंजिनाचं डोकं. असं एखादं तरी डोकं रोज तिच्या ओट्यावर पडलेलं असायचं, काजळीनं काळंठिक्कर झालेलं, आणि ही बाई पाटावर बसून ते घासत असायची. खरकटं पातेलं घासावं तसं. हातात नारळाची शेंडी, नाहीतर दात घासायचा जुना ब्रश, पुढ्यात घमेलं आणि घमेल्यात रॉकेल.

रॉकेल कुठून यायचं ते मी लिहिणार नाही. चाळीत ज्यांचा गॅसला नंबर लागला होता त्यांची रेशनकार्डं मोकळी पडली होती, एवढं सांगते. बाकी समजून घ्या.

घर सिडकोचं. एक खोली, मोरी आणि पुढं ओटा. त्या ओट्यावर गोणपाटाची चळत रचून तिचा नवरा ज्योतिबा बसायचा. माणूस साताऱ्याकडचा. कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी वाहायचा. एकदा ट्रकला लावलेल्या फळीवरून पाय सटकला, गोणी अंगावर आली आणि मणका सरकला. डॉक्टर म्हणाले, ओझं बंद. हमालाला ओझं बंद म्हणजे काय, ते डॉक्टरला कुठलं कळायला. घरी बसून बसून माणूस भिंतीशी बोलायला लागला. तेव्हा त्याचा धाकटा भाऊ भैरू रिक्षा चालवत होता. रिक्षा रोज बिघडायची. ती उघडता उघडता ज्योतिबा इंजिन शिकला. हात तयार झाले, पण पाय राहिले ते राहिलेच. नाक्यापर्यंत जायचं तरी भिंत धरून जावं लागे. तेव्हा गॅरेज टाकायचं तर याच ओट्यावर. दुसरीकडं गाळा घ्यायचा आणि तिथं रोज जायचं, हे त्याच्यानं होणारं नव्हतं. ओटा गेला की धंदा गेला. ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

कामाची वाटणी ठरलेली. तो खोलणार, ती धुणार, तो बसवणार. धुतल्याशिवाय चीर दिसत नाही, कार्बोरेटरच्या जेटचं बारीक भोक मोकळं होत नाही, काहीच होत नाही. घमेल्यातलं रॉकेल काळं झालं की सकाळी नळाला पाणी आल्यावर ती ते मागच्या गटारात ओतायची आणि वर दोन बादल्या पाणी सोडायची, नीट वाहून जावं म्हणून. हेतू काडीचा वाईट नाही. धुतलेलं पाणी गटारात जातं, एवढाच तिचा हिशेब.

गटार पुढं नाल्याला मिळायचं आणि नाला खाडीला.

खाडीवरून भागीरथी यायची. जुन्या सानपाडा गावातली बाई. कंबर कसलेली, डोक्यावर टोपली. नाल्याच्या तोंडाशी चिंबोऱ्या धरून ती आमच्या चाळीत विकायची. एका सकाळी तिनं टोपली शकुबाईच्या ओट्यावर आपटली, एक चिंबोरी नांगी धरून उचलली आणि शकुबाईच्या नाकापुढं धरली.

"हुंग."

"काय हुंगू?"

"चिंबोरी हुंग गो. हिला मी तलून खाऊ, का तुज्या इष्टोत घालून पेटवू?"

शकुबाईनं हुंगली. मग म्हणाली, "रॉकेल."

"तू रॉकेल बोल, आमी घासलेट बोलतो. वास येकच हाय."

तिथून ती सरळ माझ्याकडं आली. मी त्या वर्षी खाडीसाठी भांडत होते. कारखान्यांचं रंगीत पाणी खाडीत येतं म्हणून ऑफिसांच्या पायऱ्या झिजवत होते, घोषणा देऊन देऊन घसा बसला होता. भागीरथी दारातूनच म्हणाली, "ताई, कंपनीवाल्यांना शिव्या घालतेस ता घाल. पन आदी तुज्या चालीचा गटार बग." मला कुणी असं बोललेलं खपत नाही. पण बोलणं खरं असलं की राग दुसरीकडं काढावा लागतो. मी त्याच पावली शकुबाईच्या ओट्यावर गेले आणि जे तोंडाला आलं ते बोलले.

तिनं सगळं ऐकून घेतलं. हात चिंधीला पुसले. म्हणाली, "ताई, बसा. अजून वरडायचं आसंल तर च्या पिऊन वरडा. घसा बसलाय तुमचा."

गणपती उठले आणि सेक्रेटरी दिनानाथ यांच्या घरी चाळीची बैठक भरली. दिनानाथ बेलापूरला सरकारी ऑफिसात होते. मूळचे कोकणातले. शर्टाच्या खिशात दोन पेनं, बोलणं मोजून-मापून. माणूस कुणाचं वाईट चिंतणारा नव्हता, पण रॉकेलला भ्यायचा. त्यांची भिंत आणि ज्योतिबाची भिंत एकच होती.

"ज्योतिबा, वास मी सहन करीन," ते म्हणाले. "पण एखादी ठिणगी पडली तर? आपल्या भिंती सहा इंची आहेत हो."

भागीरथी दारातच बसली होती. आत या म्हटलं तरी आली नाही. "मना ठिनगी-बिनगी ठावं नाय," ती म्हणाली. "मना गटारात घासलेट नको."

बरंच बोलणं झालं. कुणी म्हणालं दुकान आजच्या आज बंद करा, कुणी म्हणालं गरिबाच्या पोटावर पाय नको. शेवटी दसऱ्यापर्यंत मुदत ठरली. तोवर गटारात रॉकेल गेलं नाही आणि पुढंही जाणार नाही अशी सोय दिसली, तर दुकान राहील. गेलं, तर ओटा मोकळा करायचा. दिनानाथ ते कागदावर लिहायला लागले, तशी भागीरथी म्हणाली, "तुमचा कागद मना नको. मना वाचता येत नाय. मी गटार हुंगन."

"म्हणजे तुमच्या नाकावर ठरवायचं?"

"मंग? चिंबोरी काय कागदाला चिकटते?"

तर ठरलं ते तिच्या नाकावरच ठरलं.

घरी आल्यावर ज्योतिबा म्हणाला, "गावाला जाऊ. हितं काय आपलं ऱ्हायलं न्हाई."

"तुमी जावा," शकुबाई म्हणाली. "मी हितंच ऱ्हानार. गावात तुमाला कोन बसल्या जागी काम देतंय? पारावर बसून लोकांच्या म्हशी मोजशीला."

ते खरंच होतं. गावात शेत भावकीत वाटलं गेलेलं, आणि वाकता न येणाऱ्या माणसाला शेत काय नि रस्ता काय, सारखंच.

आता प्रश्न असा होता, की रॉकेल टाकायचं नाही तर करायचं काय. घमेल्यातलं रॉकेल दोन हेडांत काळं होतं. मग शकुबाईनं नवऱ्याला वाशीच्या बागेतलं कारंजं आठवायला लावलं. नवं लग्न झालं होतं तेव्हा दोघं बघायला गेली होती.

"तितलं पानी कुटं टाकत्यात?" तिनं विचारलं. "तेच वर जातं, तेच खाली येतं. वरीसभर तेच."

"मग आता वट्यावर कारंजं बांदू म्हनतीस?"

"बांदा की."

तो हसला. पण माणूस कामाचा. हसून झाल्यावर विचाराला लागला. तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडून भैरूनं रिक्षात घालून एक तेलाचं रिकामं बॅरल आणलं आणि एक पोचलेलं स्टीलचं सिंक आणलं. बॅरलाला छन्नी लावायच्या आधी ज्योतिबानं ते तोंडापर्यंत पाण्यानं भरून घेतलं. भैरूला घाई. "दादा, रिकामंच काप की, हलकं पडंल." ज्योतिबा म्हणाला, "रिकामं बॅरल मानसाला कापतं. आत वाफ बसलेली आसती. ठिनगी उडली की झाकान चाळीच्या वर आन् आपुन झाकनाच्या वर." मग दोन दिवस चाळीत ठोकाठोक चालली. बॅरल अर्धं झालं. खालची अर्धी टाकी, तिच्या बुडाला पितळी तोटी. टाकीच्या तोंडावर सिंक बसवलं. सिंकमध्ये पार्ट ठेवायचा, त्यावर रॉकेलची धार सोडायची, धार पार्ट धुऊन सिंकच्या भोकातून परत टाकीत. कारंजंच ते, फक्त काळं.

बारीक स्क्रू आणि जेट भोकातून खाली जाऊ नयेत म्हणून चाळण हवी होती. घरात चाळण एकच, पिठाची.

"ती माजी हाय," शकुबाई म्हणाली.

"मग कोंडा खायाचा का आपुन?"

"कोंडा खाल्ला तर पोट साफ ऱ्हातं. घ्या." आणि तिनं ती दिली.

रॉकेल वर चढवायला मोटर लावायची भैरूची कल्पना होती. ती दिनानाथांनी ऐकली आणि चपला न घालता आले. "मोटर नको. मोटरमध्ये ठिणगी असते. मी हात जोडतो." त्यांचं बरोबरच होतं. मग शकुबाईनं माहेरी, कोरेगावच्या बाजूला निरोप धाडला. तिच्या भावाकडं आल्याच्या पिकावर औषध मारायचा जुना पायपंप पडून होता. पायानं दांडा दाबला की पितळी नळा औषध खेचतो आणि लांबवर मारतो, तसला. आल्याच्या ट्रकमधून तो पंप मार्केटला आला, तिथून भैरूच्या रिक्षानं चाळीत. ज्योतिबानं तो सोड्याच्या पाण्यानं धुतला आणि आतला चामड्याचा वायसर गोडेतेलात भिजत घातला. पुढची बारीक भोकाची तोटी त्यानं काढूनच टाकली. "फवारा नगं," तो म्हणाला. "फवारा पेटतो. धार पायजे." आणि पंप पायाचा असल्यामुळं आणखी एक फायदा झाला, जो कुणी आधी धरला नव्हता. शकुबाईचे दोन्ही हात मोकळे राहिले. पायानं पंप, एका हातात हेड, दुसऱ्यात ब्रश. शिलाईमशिनवर बसावं तशी ती बसायची.

दिनानाथ रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की डबा हातात धरूनच बघायला उभे राहत.

"पण पेटलंच तर?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या घरात तळताना कढई पेटली तर वयनी काय करत्यात?"

"ताट झाकते जयमाला."

"मग आमीबी झाकनार."

"पेटल्यावर घाबऱ्याघुबऱ्या माणसाला ताट सापडतं का हो?"

मग ज्योतिबानं पत्र्याचं झाकण केलं, ते बिजागरीनं टाकीला लावलं आणि वर उघडं धरायला छताच्या हुकाला दोरी बांधली. आग लागली तर दोरी आधी जळेल आणि झाकण आपोआप पडेल. दिनानाथांनी दोरी चाचपून बघितली. "ही नायलॉनची आहे. वितळते, पण लोंबत राहते. सुती घ्या," म्हणाले, आणि घरातून पुडी बांधायचा सुती दोरा आणून त्यांनी स्वतःच बांधला. त्या दिवसापासून ते त्या यंत्राला 'आपलं यंत्र' म्हणायला लागले.

पण यंत्र चालेना.

म्हणजे चाललं, पहिल्या हेडापुरतं. दुसऱ्या हेडाला काळी धार यायला लागली. तिसऱ्याला तर धुतलेला पार्ट धुण्याआधीपेक्षा काळा. कारंज्यात पाणी स्वच्छ असतं म्हणून स्वच्छ येतं; इथं घाण सारखी फिरून वर येत होती. फडकं बांधून गाळून बघितलं, फडकं लगेच तुंबलं. न हलवता ठेवलं तर गाळ खाली बसायचा, पण पाय मारला की पुन्हा वर. रिक्षावाले ओट्यापुढं उभे. "वैनी, धुतलं की रंगवलं?" असं एकानं विचारलं. त्याचं हेड तिनं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आवडला न्हाई का रंग? दुसरा सांग."

चेष्टेला उत्तर होतं, पण टाकीला नव्हतं. दसरा जवळ येत होता. जुनं रॉकेल डब्यांत भरून मोरीत रांग लागली होती, कारण गटारात टाकायचं नाही. अंघोळ करायची तर डबे बाहेर काढावे लागत.

मग शकुबाईनं जे केलं ते साताऱ्याकडचीच बाई करील. गावाकडं पावसाळ्यात ओढ्याचं गढूळ पाणी आलं की हंड्यात तुरटी फिरवतात. गाळ खाली बसतो, पाणी निवळतं. तिनं वाण्याकडून तुरटीचा खडा आणला आणि रॉकेलच्या टाकीत फिरवला.

ज्योतिबा पाना खाली ठेवून बघत राहिला. "रॉकेलात तुरटी. आता लिंबू पिळ, जिरं टाक."

"तुमी गप ऱ्हावा."

तुरटी विरघळेचना. रॉकेलात ती दगडासारखी बुडाशी जाऊन बसली. तेव्हा तिनं दुसरं डोकं लढवलं. तुरटी पाण्यात विरघळते ना, मग पाण्यात विरघळवून ओतू. पातेलंभर तुरटीचं पाणी केलं आणि टाकीत ओतलं. मग आणखी एक पातेलं. ज्योतिबानं कपाळाला हात लावला.

सकाळी झाकण काढलं तर वर रॉकेल निळं, नितळ. पाण्याचा थर बुडाशी जाऊन बसला होता आणि सगळी काळी घाण त्या पाण्यात उतरली होती.

पण अजून एक अडचण होती, आणि ती भैरूला भोगावी लागली. पंपाचा खेचायचा पाइप बुडापर्यंत गेलेला होता. त्यानं रॉकेलऐवजी खालचं पाणी उचललं. त्या पाण्यानं भैरूचा कार्बोरेटर धुतला गेला आणि पॅसेंजर घेऊन निघालेली त्याची रिक्षा जुईनगरच्या वळणावर आचके देऊन उभी राहिली. तो ढकलत आला. "वैनी, रिक्षाला जुलाब झालेत," म्हणाला. ज्योतिबानं पाइप कापून आखूड केला, तारेनं वर बांधला, म्हणजे तो फक्त रॉकेलातच राहील. त्यानंतर टाकी चालली. पाय मारला तरी खालचा थर हलत नव्हता. गाळ पडायचा, रॉकेलातून पाण्यात उतरायचा आणि तिथंच राहायचा. आठवड्यानं तोटी सोडली की काळं पाणी डब्यात. वरचं रॉकेल तेच.

ज्योतिबा मला एकदा हळूच म्हणाला, "ताई, गुन पान्याचा हाय, तुरटीचा न्हाई. पन तिला बोलू नगा. तुरटी सोडली तर पानीबी सोडील." मी बोलले नाही. ती पुढंही दर वेळी पाण्यात तुरटी फिरवतच राहिली.

त्या काळ्या पाण्याचं काय करायचं हे तिनंच ठरवलं. परातीत घालून ते पत्र्यावर उन्हात ठेवायचं. ऊन तेव्हा कडक होतं. पाणी उडून जायचं आणि तळाला डांबरासारखी पापडी राहायची. ती जळकं ऑइल गोळा करणाऱ्याच्या बॅरलमध्ये. जयमालावहिनींनी खालून विचारलं, "शकुबाई, आत्ता कसलं वाळवण?" वरून उत्तर आलं, "कुरडया हायत. रिक्षावाल्यांच्या."

या सगळ्या दिवसांत भागीरथी वाटेल तेव्हा यायची. टोपली ठेवायची, गटारापाशी बसायची, हात बुडवून हुंगायची आणि जायची. बरं आहे म्हणायची नाही, वाईट आहे म्हणायची नाही. शकुबाई तिला चहा द्यायची. ती चहाही हुंगून प्यायची.

खंडेनवमी आली. रविवार होता, बैठकीतल्या सगळ्यांना सुट्टी, म्हणून यंत्र बघायला यायचं त्याच दिवशी ठरलं होतं. ज्योतिबानं पाने, हातोड्या, छन्न्या घासून पाटावर मांडल्या. हळदी-कुंकू, झेंडूची फुलं. यंत्राला आंब्याच्या पानांचं तोरण. शकुबाईनं सणाचं नवं लुगडं नेसलं होतं. आणि सणाच्या दिवशी भांडं रिकामं ठेवू नये म्हणून तिनं टाकी नव्या रॉकेलनं काठोकाठ भरली होती. निरांजन दिनानाथांच्या धाकानं लांब खिडकीत ठेवलं होतं.

आम्ही जमलो. दिनानाथ, जयमालावहिनी, आणखी चारदोन जण. भागीरथी अजून यायची होती. शकुबाई आत पेढे आणायला गेली, ज्योतिबा बसल्या जागेवरून लोकांना झाकणाची दोरी दाखवत होता, आणि भैरू आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, भक्तिभावानं पुढं झाला. हत्यारं धुऊन पुसून पुजली होती, यंत्राची मात्र आंघोळ राहिली होती, असं त्याला वाटलं. त्यानं भरलेली कळशी उचलली आणि 'हर हर महादेव' म्हणत सिंकमध्ये रिकामी केली.

पाणी जड. ते चाळणीतून सरळ तळाशी गेलं आणि जेवढं पाणी गेलं तेवढं रॉकेल काठावरून बाहेर आलं. ओट्यावरून पसरलं, पायरीवरून उतरलं आणि घराच्या कडेच्या पन्हळीतून मागच्या गटारात पडलं. सगळं आमच्या डोळ्यांदेखत.

"भैरूऽ," ज्योतिबा म्हणाला.

शकुबाई बाहेर आली. तिनं एकदा टाकीकडं पाहिलं, एकदा भैरूच्या हातातल्या कळशीकडं. पेढे जयमालावहिनींच्या हातात दिले. पहिल्यांदा खिडकीतलं निरांजन दोन बोटांच्या चिमटीत धरून विझवलं. जयमालावहिनी नकळत म्हणाल्या, "अगं, सणाचा दिवा." तिनं ऐकलं नाही. नवऱ्याच्या बुडाखालचं गोणपाट ओढलं, म्हणजे त्याला उठायला सांगितलंच नाही, नुसतं ओढलं, आणि मागं धावत जाऊन नव्या लुगड्यानिशी गटारात उतरली.

मी गटारांवरून पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. गटारात उतरलेला पुढारी एकही बघितला नाही. ते काठावर उभे राहून नारळ फोडतात.

गटार वाहतं होतं. नळाला नुकतं पाणी येऊन गेलेलं. रॉकेलचा निळसर तवंग चाळीच्या टोकाकडं सरकत होता, त्याच्यापुढं नाला. शकुबाईनं पळत पुढं जाऊन गोणपाट गटारात आडवं दाबलं. पाणी तुंबलं, चढायला लागलं. आता ते गोणपाटावरून जाणार आणि रॉकेल घेऊन जाणार हे मला दिसत होतं. तिलाही दिसलं. तिनं गोणपाट खालून वीतभर उचललं आणि वरचं तसंच ताणून धरलं. खालून पाणी निघून गेलं. रॉकेल वर तरंगत होतं, ते गोणपाटाला अडून राहिलं. टाकीत रोज बघत होती तेच तिनं गटारात केलं.

"डबा," ती म्हणाली.

दिनानाथांनी डबा आणला. इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट. गटाराच्या काठावर गुडघे टेकून ते वाटीनं तवंग काढून डब्यात भरायला लागले. ज्योतिबा भिंत धरत धरत मागं आला, पण त्याला वाकता येईना. तो तिथंच उभा राहिला. त्याच्या तोंडाकडं बघवेना.

आणि भागीरथी आली. टोपली डोक्यावर, नाल्याच्या बाजूनं. टोपली खाली ठेवली, कासोटा वर खोचला आणि गोणपाटाच्या पुढच्या अंगाला, नाल्याकडं, गटारात उतरली. ओंजळीत पाणी घेतलं. हुंगलं. चार पावलं पुढं गेली, पुन्हा घेतलं, पुन्हा हुंगलं. मग मागं आली आणि गोणपाटाच्या अलीकडचं हुंगलं. तोंड वाकडं केलं.

"हितं हाय," ती म्हणाली. मग पुढं बोट केलं. "तितं नाय."

दिनानाथ वाटी खाली ठेवून म्हणाले. खोटं बोलता न येणारा माणूस. "भागीरथीबाई, ठरलं होतं ते गटारात जाऊ नये असं. गेलं तर आहे."

"खरं हाय त्यांचं," शकुबाई म्हणाली. हात अजून गोणपाटाला ताणलेले. "गेलंय. भावजींनी पानी घातलं, पन काठापतुर मीच भरलंतं. वटा मोकळा करतो आमी."

भागीरथीनं तिच्याकडं पाहिलं. रॉकेलानं भिजलेलं नवं लुगडं, घट्ट मुठी.

"नाक कुनाचा ठरला होता?" तिनं दिनानाथांना विचारलं.

"तुमचं."

"मंग गप ऱ्हा. माजा नाक नाल्याचा हाय. नाल्यात घासलेट गेला नाय." मग शकुबाईला म्हणाली, "सोड गो आता, वाटीत आला सगला. ऱ्हाव दे तुजा दुकान. पन तो पानी घालनारा भाव हाय ना, त्याला सनाला गावाला धाड."

पहिल्यांदा जयमालावहिनी हसल्या. मग भैरू, त्याची कळशी अजून हातातच. ज्योतिबा हसला नाही. तो तिथंच भिंतीला धरून खाली बसला, पाठ दुखत असून बसला, आणि बराच वेळ बसून राहिला. शकुबाई गटारातून वर आली तेव्हा तिनं त्याला उठवलं नाही. शेजारी बसली. दोघांच्या अंगाला एकच वास येत होता.

संध्याकाळी दिनानाथांनी टाकीवर बाहेर एक आडवी रेघ मारून दिली, रॉकेल याच्यावर भरायचं नाही म्हणून. आणि पत्र्याच्या एका तुकड्यावर, सरकारी ऑफिसात लिहितात तशा सुबक अक्षरात लाल रंगानं लिहिलं: 'या यंत्रास आंघोळ घालू नये. पूजा कोरडी करावी.' तो पत्रा त्यांनी सिंकच्या वर भिंतीला ठोकला. त्यांचीच भिंत होती ती, पलीकडून.

भागीरथीला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "काय लिवलाय?"

शकुबाईनं वाचून दाखवलं.

"भैरू लिवायचा ऱ्हायला," भागीरथी म्हणाली, आणि टोपली उचलून चिंबोऱ्या विकायला पुढच्या दारात गेली.